राहिलेल्या प्रार्थना

मानमोडीच्या तापाची साथ ओसरून तीन महिने झाले होते, तेव्हा जोतीराम पाळक कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत बदलून आले. १९१९ सालचा जानेवारी होता. शाहू महाराज गादीवर बसून पंचवीस वर्षं होत आली होती. स्टेशनवर पाळकांना घ्यायला मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारे, हंबीरराव एकटेच आले होते. त्यांनी पाळकांच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे पाहिलं, मग मागं पाहिलं.

"बाईसाहेब?"

"ऑक्टोबरात गेल्या," पाळक म्हणाले.

हंबीररावांनी मान हलवली आणि टांगेवाल्याला हाक मारली. त्या वर्षी असल्या उत्तराचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

जोतीराम बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या आजोबांनी जोतिबाला नवस केला म्हणून हे नाव पडलेलं. पुढं बाप्तिस्मा झाला तरी त्यांनी ते बदललं नाही. तीस वर्षं उपदेश करून आवाज बसका झाला होता. बायको चिमणाबाई गेल्यापासून तर त्यांना सकाळी उठून अंगरखा घालणंसुद्धा मोठं काम वाटे. बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि कुठंही गेलं तरी काय फरक पडतो, असं म्हणून ट्रंक भरली.

पहिल्या रविवारी मंडळीच्या देवळाची घंटा वाजली आणि सात माणसं आली. मंडळीच्या वहीत साठ नावं होती. त्यांतली चौदा साथीत गेली होती. आधीचे पाळक पहिल्याच आठवड्यात गेलेले. पेटी वाजवणाऱ्या बाई दुसऱ्या आठवड्यात. आता पेटीवर कापड घातलेलं होतं. पुढच्या बाकांवर हंबीरराव आणि शहरातली सहा माणसं बसली. मागं भिंतीशी एक लांब चटई अंथरलेली होती, ती रिकामी.

गीत सुरू झालं. चाल परदेशातली, वरच्या सुरात जाणारी. पेटी होती तोवर ती ओढून नेत असे. आता पहिल्या कडव्यानंतर एकेक जण गप्प झाला आणि शेवटी हंबीरराव एकटेच खणखणीत आवाजात गात राहिले. पाळकांनी जुन्या वहीतला उपदेश वाचून दाखवला. खरं सांगायचं तर माणसं कमी आहेत याचं त्यांना बरंच वाटलं. मोठ्यानं बोलावं लागत नव्हतं.

असे चार रविवार गेले. मग मिशनच्या साहेबांचं पत्र आलं. ते सुट्टीवर विलायतेला होते. पावसाळ्यापर्यंत मंडळी जमत नसेल तर देऊळ बंद करून उरलेल्यांना दुसऱ्या मंडळीत घालावं लागेल, माणसं का येत नाहीत ते सविस्तर कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

पाळकांनी हंबीररावांना विचारलं, "मागची चटई कुणाची?"

"उचगावच्या लोकांची. गावकुसाबाहेरची हाईत ती. पस्तीस-चाळीस जणं यायची."

"आता का येत नाहीत?"

"फिरली ती. साथ आली, मरीआईच्या गाड्याला नारळ वाहिलं असंल, कोंबडं कापलं असंल. सोडा त्यांस्नी." हंबीररावांनी हे बोलताना छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

पाळकांना ते पटलं नाही असं नव्हतं. पण साहेबांना पत्रात काहीतरी लिहायला हवं होतं. म्हणून ते दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर चालत उचगावला गेले. वाटेत तीन ठिकाणी बसले.

पहिल्याच घरासमोर एक साठीची बाई दोरखंडाला पीळ देत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय काम काढलं, पावणं?"

"मी मंडळीचा नवा पाळक."

तिनं पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली. "मग?"

"तुमची माणसं देवळात येत नाहीत. का ते विचारायला आलो."

"हंबीररावास्नी इचारा की."

"विचारलं. ते म्हणाले तुम्ही फिरलात."

बाईचे हात थांबले. तिचं नाव तानाबाई. "आमी फिरलो?" ती म्हणाली. मग आत तोंड करून तिनं हाक मारली, "केरबा, भाईर ये. ह्यास्नी सांग कोण फिरलं ते."

केरबा तिचा मुलगा, तिशीतला, रुंद खांद्यांचा. तो दारातच उभा राहिला. त्यानं जे सांगितलं ते एकाच दमात, पाळकांकडे न बघता सांगितलं. साथीत त्याचे वडील आकाराम वारले. दोन घरं सोडून आणखी एक प्रेत होतं. उचलायला धड माणसं नव्हती, सगळी तापानं पडलेली. केरबा स्वतः अंगात ताप असताना शहरात गेला आणि हंबीररावांच्या खिडकीखाली उभा राहून निरोप दिला. हंबीरराव आतूनच म्हणाले, सांगतो सगळ्यांस्नी, हो पुढं.

"दिस मावळूस्तोवर वाट बघितली," केरबा म्हणाला. "कोण आलं न्हाय. दुसऱ्या दिशीबी न्हाय. शेवटी मीरासाबनं खड्डा घेतला. नऊ माणसं गेली आमची, नऊबी खड्डं त्यानं घेतलं."

"मीरासाब कोण?"

"पिंजारी हाय. पल्याड ऱ्हातोय."

तानाबाई म्हणाली, "माती झाली, पर प्रार्थना न्हाय झाली. माझा मालक इस वर्सं त्या चटईवर बसला. प्रभुभोजनाचा प्याला आमच्यापातूर यायचा तवा तळाला घोटभर उरायचा, तरी बसला. आणि गेला तवा त्याच्यावर दोन शब्द बोलाय कोण न्हाय. मंडळी मंडळी म्हंत्यात ती काय असती वो?"

पाळकांना याचं उत्तर येत होतं. कितीतरी उपदेशांत त्यांनी ते दिलं होतं. पण त्यांचे पाय दुखत होते आणि तहान लागली होती. ते जोत्यावर बसले.

"पाणी द्या थोडं," ते म्हणाले.

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. हंबीरराव इथं बारा वर्षांत तीनदा आले होते, पाणी कधी प्याले नव्हते. तानाबाईनं तांब्या आणून दिला. पाळक सगळं पाणी प्याले. मग तांब्या मांडीवर धरून म्हणाले, "माझी बायको आजारी होती तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. तिकडं मिरजेकडच्या खेड्यात. मंडळीतल्या दोन घरांनी बोलावणं धाडलं. मी आतून ओ सुद्धा दिली नाही. ती दोन्ही माणसं गेली. बायकोही गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

पलीकडून कापूस पिंजण्याचा आवाज येत होता. तानाबाईनं त्यांच्या मांडीवरचा तांब्या उचलला आणि ती म्हणाली, "चहा ठेवू काय?"

चहा झाल्यावर पाळकांनी विचारलं, "आकारामांना कुठं पुरलं?"

ओढ्याकाठी बाभळीखाली नऊ उंचवटे होते. गवत उगवायला लागलं होतं. पाळकांनी खिशातून पुस्तक काढलं आणि पुरण्याच्या वेळी वाचतात ती वचनं वाचली, जशी काही आकाराम आज सकाळीच गेला होता. नंतर गीत म्हणायचं असतं. त्यांनी देवळातलं गीत सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज फाटला. तेव्हा तानाबाईनं तेच शब्द उचलले, पण चाल जात्यावरची लावली. सुरू केली ती खालच्या पट्टीत, कुणालाही म्हणता येईल अशी. आसपासच्या घरांतली सात-आठ माणसं येऊन उभी राहिली. पिंजण थांबवून मीरासाबही आला. तो जरा दूर हात जोडून उभा होता. सगळं आटोपल्यावर पाळक त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हे काम आमचं होतं."

"असूं द्या वो," मीरासाब म्हणाला. "आमच्यातबी पुरत्यातच की. खड्डा कसा घ्यायचा ठावं हुतं."

परत जाताना पाळकांनी केरबाला सांगितलं, "आठ राहिले. रविवारी येतो."

पुढच्या रविवारी सकाळी देवळात त्यांनी उपदेश वाचला नाही. म्हणाले, "आपल्या चौदांपैकी तेरा माणसांवर अजून प्रार्थना झालेली नाही. ती पुरी होईपर्यंत आपली उपासना त्यांच्या थडग्यांपाशी होईल. ज्याला यायचं त्यानं यावं." आणि चालायला लागले. शहरातल्या सहांपैकी दोघी बायका मागोमाग गेल्या. हंबीरराव बाकावरून उठले नाहीत.

संध्याकाळी ते पाळकांच्या खोलीवर आले. "देऊळ टाकून वढ्याला उपासना? साहेबास्नी काय सांगणार?"

"निरोप तुमच्याकडं आला होता," पाळक म्हणाले.

हंबीररावांचा चेहरा उतरला. पाळकांनी त्यांना बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही.

"घरात सूनबाई तापली हुती," ते शेवटी म्हणाले. "बाळाबाई. सात म्हयन्यांची गरवार. त्या वस्तीत जायचं आणि ताप घिऊन यायचा? दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मलाबी जावं लागलं असतं. म्हणून सांगितलंच न्हाय. तिसऱ्या दिशी तीबी गेली. आमी चौघांनीच न्हेली. शेजारी खिडक्या लावून बसलं हुतं."

"मीही दार लावून घेतलं होतं, हंबीरराव."

"तुमी?"

"मीच."

हंबीरराव आले तसे निघून गेले.

फेब्रुवारी गेला, मार्च लागला. दर रविवारी पाळक उचगावला चालत जात, कधी एका तर कधी दोन थडग्यांपाशी उपासना होई. कुठल्या रविवारी दहा माणसं असत, कुठल्या रविवारी पंधरा. शहरातली चार माणसं येऊ लागली. ऊन वाढलं तसा पाळकांना दम लागू लागला. येताना ते कुणाच्या तरी बैलगाडीत बसत. उपदेश असा ते करतच नसत. मेलेल्या माणसाबद्दल घरचे बोलत, मग वचन, मग तानाबाईचं गाणं. एका बाईच्या थडग्यापाशी तिच्या नवऱ्यानं सांगितलं की ती फार भांडखोर होती, आणि सगळे हसले, आणि मग तोच रडायला लागला. त्या दिवशी साहेबांना लिहिलेल्या पत्रात पाळकांनी एवढंच कळवलं की माणसं येत नव्हती, कारण आपण गेलो नव्हतो.

उचगावची नऊ झाली. शहरातली चार झाली. शेवटचं थडगं बाळाबाईचं होतं.

पाळक केरबाकडे गेले. "रविवारी शहरात आहे. हंबीररावांची सून."

"मी न्हाय येणार," केरबा म्हणाला.

"बरं."

"बरं काय बरं? त्या माणसाच्या खिडकीखाली मी तापानं फणफणत हुबा हुतो."

"म्हणूनच बरं म्हणालो. मी तुला ओढून नेणार नाही. तेवढी ताकद नाही माझ्यात."

पण रविवारी तानाबाई पाच बायकांना घेऊन चालत शहरात आली, आणि सर्वांत मागं वीसेक पावलांवर केरबाही होता. हंबीरराव थडग्यापाशी आधीच येऊन उभे होते. ही माणसं येताना दिसली तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

वचन वाचून झालं. घरच्यांनी बोलायची वेळ आली. हंबीरराव म्हणाले, "माझी सून चांगली हुती." मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "केरबानं निरोप दिला हुता. मी कुणाला सांगितला न्हाय. वडीलकी माझ्याकडं हुती, जायचं काम माझं हुतं. मी भ्यालो. आजपासनं मला वडील म्हणू नगा."

केरबा ऐकत होता. तो पुढं येऊन काही बोलेल असं सगळ्यांना वाटलं. तो वळला आणि निघून गेला. तानाबाई मात्र जागची हलली नाही. तिनं बाळाबाईसाठी गाणं म्हटलं, सगळी कडवी म्हटली.

पुढच्या रविवारी देऊळ पुन्हा उघडलं. हंबीररावांनी स्वतः बाकं उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली आणि चटया सगळीकडे अंथरल्या. शहरातल्या एका घरानं त्यावर नाराज होऊन यायचं बंद केलं. केरबा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. पाळक दोनदा उचगावला जाऊन त्याच्या जोत्यावर बसून आले.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, एकतीस माणसं जमली. उपासनेआधी नवा वडील निवडायचा होता. शहरातल्या कुणीतरी केरबाचं नाव सुचवलं. तेवढ्यात केरबाच दारात दिसला, पायांत वहाणा तशाच.

"मला कशाला?" तो म्हणाला. "मी अजून त्यास्नी माफ केलेलं न्हाय." त्यानं हंबीररावांकडे बोट केलं.

हंबीरराव भिंतीशी बसले होते. ते म्हणाले, "नगं करूस. पर वडील हो. तू ताप अंगात घिऊन चालत आलतास. मी दोन गल्ल्या चाललो न्हाय."

केरबा उंबऱ्यावरून आत आला नाही. "होतो," तो म्हणाला. "पर एक हाय. कुणाच्या घरात दुखणं आलं, मयत झालं, तर निरोप पयला माझ्याकडं आला पायजे. आणि मी हाक मारली की ज्याचं पाय चालत्यात त्यानं उठायचं. तवा कुणी म्हणायचं न्हाय ते कुठलं आणि मी कुठला. कबूल?"

"कबूल," काही जण म्हणाले. सगळे नाही. केरबानं त्या न म्हणणाऱ्यांकडेही पाहून घेतलं आणि वहाणा काढल्या.

त्या दिवशी प्रभुभोजनाचा प्याला दारापासून फिरवला गेला, भरलेला. पाळकांनी तो तानाबाईच्या हातात दिला. त्यांना फार थकवा आला होता. चिमणाबाई असती तर काय म्हणाली असती, हा विचार मधेच आला आणि ते पुढची वचनं विसरले. केरबानं पुस्तकात बोट ठेवून ओळ दाखवली. ती त्यांनी कशीबशी वाचली.

मग गीत सुरू झालं. तानाबाईनं चाल धरली, बायकांनी उचलली, पुरुष मागून आले. मंडळी उभी असताना पाळकांनी उभं राहायचं असतं. पण त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तानाबाईनं गाता गाता त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन ओळींच्या मधे हळूच म्हणाली, "बसा तुमी. आमी म्हंतो."

जोतीराम पाळक चटईवर बसले, भिंतीला टेकले आणि डोळे मिटून ऐकू लागले. गाणं चालू राहिलं.