भोरच्या कचेरीतला कव्वा

मित्रांनो, माझ्याकडे सरळ पाहिलंत तर तुम्हाला माझं नाव वाचता येणार नाही. माझी अक्षरं उलटी आहेत. मी एक जुना रबरी शिक्का आहे. कागदावर उमटलो की 'आवक' असा वाचला जातो, आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख.

भोरला एसटी आगाराच्या मागच्या गल्लीत विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाचं एक छोटं कार्यालय आहे. भोर-वेल्ह्याकडची जी मुलं एम.एस्सी., पीएच.डी. करतात, त्यांना दर कागदासाठी पुण्याला हेलपाटे पडू नयेत म्हणून ते उघडलं. प्रवेशाचे अर्ज, दर सहा महिन्यांचे प्रगती अहवाल, मार्गदर्शक बदलण्याची विनंती, शिष्यवृत्तीचे दाखले आणि शेवटी प्रबंध, सगळं आधी माझ्याखालून जायचं. जायचं असं म्हणतो, कारण मधली काही वर्षं तसं राहिलं नाही. तीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म भोरच्या बाजारपेठेतला. दिलावरभाईंचं तिथे खोकं होतं, चार हात लांब आणि दोन हात रुंद. शिक्के, नंबरप्लेटा आणि दारावरच्या पाट्या ते तिथे बनवत. तालुक्यातल्या निम्म्या कचेऱ्यांचे शिक्के त्यांच्याच हातचे. अठरा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातले कोंडिबा नावाचे कारकून एक चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे आले. चिठ्ठीवर वरच्या साहेबांनी लिहिलं होतं, 'स्वीकृत'.

कोंडिबांनी ती चिठ्ठी समोर ठेवली आणि मग स्वतःच तिच्यावर हात ठेवला.

"दिलावरभाई, स्वीकृत नगं. आवक करा."

"का वो? साहेबानं ल्हिलंय की."

"स्वीकृत म्हनलं की शिक्का मारनाऱ्याचा हात आडतो. वाटतं, आपुनच मंजुरी दिली. मग कागद बघत बसतो, चुका काढतो, आन शिक्का ऱ्हातो बाजूला. आवक म्हंजी नुस्तं आलं. चूक आसंल, बराबर आसंल, ते मागून. आलं ना? मग आलं म्हना."

असा मी 'स्वीकृत' होता होता 'आवक' झालो. दिलावरभाईंनी अक्षरांचे खिळे उलटे जुळवले, साचा घेतला, रबर तापवून दाबलं. तारखेचे पट्टे पुण्याहून आणून बसवले. मूठ सागाची केली. त्यांची दहा वर्षांची अम्रीन शेजारी बसून सगळं पाहत होती. बापाच्या खोक्यात वाढलेली ती पोर, तिला सरळ अक्षरांइतकीच उलटी अक्षरं यायची. तिने मला उचललं, तळावरची अक्षरं डावीकडून उजवीकडे वाचली आणि ओरडली, "अब्बा, क-व-आ! ह्यो तर कव्वा हाय!"

कोंडिबा पोट धरून हसले. "बराबर वाचलंस पोरी. कावळा वरडला म्हंजी दारात कुनीतरी आलं. ह्याचं काम तेच."

तेव्हापासून कार्यालयात माझं नाव कव्वा पडलं. मला त्याचा राग कधी आला नाही.

कोंडिबांच्या हाताखाली मी दहा वर्षं काम केलं. सकाळी आले की चपला काढायच्या आधी ते माझी तारीख फिरवत. दर शनिवारी जुन्या बनियनच्या तुकड्याने माझे पट्टे पुसत. खिडकीशी कुणी कागद धरला की पहिला मी, मग चष्मा. चष्मा लावल्यावर ते खुशाल वीस चुका काढत, मुलांना घामही फोडत. पण तोपर्यंत कागद आलेला असायचा. मुदत टळायची भीती संपलेली असायची, आणि चूक दुरुस्त करायला माणसाला मोकळा श्वास मिळायचा. मार्गासनीचा एक मुलगा तर अर्ज समजून चुकून मळणीयंत्राची पावती देऊन गेला. कोंडिबांनी तिच्यावरही मला उठवलं आणि मागून त्याला हाक मारली!

मग कोंडिबा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नूतन मॅडम आल्या. बाई कामाला वाघ, मनाने मऊ. पण आल्या आल्याच त्यांना ठेच लागली. त्यांनी आवक केलेल्या एका अर्जात सही कमी निघाली आणि वरून पत्र आलं की त्रुटी असलेला अर्ज घेतलाच कसा, खुलासा करा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नूतन मॅडम त्या दिवसापासून आधी तपासू लागल्या. कागद बिनचूक असेल तरच मी. नसेल तर कागद जसा आला तसा परत, शिक्क्याविना. पुढे बरेचसे अर्ज कॉम्प्युटरवर गेले तसं माझं काम आणखी घटलं. कधी मी पंख्याखालच्या कागदांवर वजन म्हणून बसलो, कधी खिडकीच्या फटीत पाचर म्हणून. माझे पट्टे कुणी पुसले नाहीत. रबर कडक होत गेलं.

दुर्लक्षाचं मला वाईट वाटलं, पण ते सोसलं असतं. सोसलं नाही ते सोनियाचं.

सोनिया पानशेतची. धरणाच्या पाण्यातल्या माशांवर ती पीएच.डी. करत होती. मुदतवाढीचा अर्ज घेऊन ती पहिल्यांदा आली, तेव्हा मार्गदर्शकांची सही हिरव्या शाईत होती म्हणून परत गेली. दुसऱ्यांदा आली, तेव्हा नमुना जुना होता. तिसऱ्यांदा आली, तेव्हा सगळं बरोबर होतं आणि मुदत कालच संपली होती. तिने वर तक्रार केली. वरून आवक वही मागवली गेली. वहीत तिचं नाव कुठेच नव्हतं. तिला उत्तर गेलं, 'मुदतीत आपला कोणताही अर्ज या कार्यालयास प्राप्त झालेला नाही.' पुढे एका रविवारी नूतन मॅडम घरच्यांना घेऊन धरणावर गेल्या, तर एका खानावळीत वाढायला सोनियाच आली. तिने ओळखलं, हसली आणि गरम भाकरी वाढली. हे मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या आणि मधेच थांबल्या. टेबलावर मी होतो. मी सगळं ऐकलं.

आता त्या सोमवारचं सांगतो. तारीख तीस.

अम्रीन आता अठ्ठावीस वर्षांची झाली होती. वेल्हे तालुक्यातल्या भाताच्या जुन्या वाणांवर तिने सहा वर्षं काम केलं होतं. पावसाळ्यात खाचरांच्या बांधावरून हिंडली. मार्गासनीच्या ठकुबाईंनी मडक्यात राखेत जपलेलं मूठभर बियाणं तिला दिलं, तेव्हा ती रडली होती म्हणतात. एक मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. तीस तारखेला कार्यालय बंद होईपर्यंत, म्हणजे पावणेसहापर्यंत, प्रबंध आवक झाला नाही तर तिची नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात.

बांधलेल्या प्रती पुण्याहून यायला दुपार झाली. तीन वाजता तिने पाच जाडजूड प्रती नूतन मॅडमसमोर ठेवल्या. दिलावरभाई बाहेर बाकावर देव पाण्यात घातल्यासारखे बसले. मॅडमनी सह्या पाहिल्या, दाखले पाहिले, पानं मोजली. सगळं ठीक. मग त्यांनी नोंदणीचं पत्र उघडून मुखपृष्ठाशेजारी धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अम्रीन, इथे वेल्हे तालुका आहे. मुखपृष्ठावर राजगड कसं?"

"मॅडम, तालुक्याचं नाव बदललं ना! सरकारीच नाव घातलं मी. जुनं ठेवलं तर चूक काढतील, असं वाटलं."

"नोंदणीत जे शीर्षक तेच प्रबंधावर लागतं गं. बदलायचं तर आधी परवानगी." मॅडमनी आत दोन पानं उलटली. "आणि हे काय? 'राजगड गावातून राजगड किल्ल्याकडे जाताना'?"

अम्रीनने कपाळावर हात मारला. वेल्हे दिसेल तिथे राजगड कर, असं तिने कॉम्प्युटरला एकदाच सांगितलं होतं. त्याने इमानेइतबारे गावाचंही नाव बदलून टाकलं होतं. एरवी यावर सगळे हसले असते.

मॅडमनी पुण्याला फोन लावला. वाजत राहिला. दुसरा नंबर लावला, तिथेही कुणी उचलेना. पुन्हा लावला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले. शेवटी त्यांनी पाचही प्रती एकावर एक रचल्या आणि हळूच तिच्याकडे सरकवल्या.

"मी घेऊ शकत नाही. शीर्षक दुरुस्त करून आण. मी तुझ्यासाठी वर शब्द टाकीन."

मित्रांनो, हेच शब्द सोनियाला ऐकवले होते. मी त्या प्रतींपासून तीन बोटांवर पडून होतो आणि मला तोंड नव्हतं.

अम्रीन प्रती उचलून बाहेर गेली. दाराच्या फटीतून आवाज येत होता.

"शिक्का मारला का?" दिलावरभाईंनी विचारलं.

"न्हाई अब्बा. नावात चूक निघाली."

"चूक आसू दे. शिक्का न्हाई, म्हंजी तू हितं आलीच न्हाईस."

ते उठले. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, भिंत धरत आत आले. त्यांनी नूतन मॅडमना नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, रागावू नका. माझा शिक्का जरा बघू द्या."

"तुमचा शिक्का?"

"म्या बनिवलाय ह्यो." त्यांनी मला उचललं, उलटं केलं, आणि डोळ्यांनी दिसेना म्हणून माझ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "साहेबानं ह्याच्यावर स्वीकृत ल्हायला सांगितलं हुतं. कोंडिबानं बदलून घेतलं. म्हनला, आवक म्हंजी मंजूर न्हवं, नुस्तं आलं. माझ्या पोरीच्या वहीत चूक आसंल तर कान धरा तिचा, परत पाठवा. पन बाई, ती आलीया. सहा वर्सं चालत आलीया. आली येवढं तरी म्हना."

नूतन मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातल्या आवक वहीकडे. घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता.

"भाई," त्या म्हणाल्या, "पानशेतची एक मुलगी पण आली होती." त्यांनी टेबलाचा खण ओढला. "वरून पत्र आलं तर येऊ दे. अम्रीन, आण त्या प्रती."

शाईचा पॅड निघाला. त्यांनी माझं वर्षाचं चाक फिरवलं, महिन्याचं फिरवलं, दोन्ही फिरली. दिवसाचं चाक फिरवलं आणि मी अडलो. एकोणतीस. पुढे सरकेना. त्यांनी जोर लावला तसा माझा पट्टा कचकला. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या एका ठशासाठी थांबलो, त्याच वेळी मी घोडं अडवलं. वाजले होते पाच एकतीस.

"राहू दे," मॅडम घाईने म्हणाल्या. "एकोणतीसच मारते. एक दिवस आधीची तारीख, तुझाच फायदा."

"मॅडम, नको!" अम्रीन जवळजवळ ओरडलीच. "काल रविवार होता. रविवारी आवक झालेला प्रबंध कोण खरा मानेल? माझ्यासोबत तुम्हीही अडकाल."

"मंग दे हिकडं," दिलावरभाई म्हणाले. मला हातात घेतलं, पण त्यांची बोटं थरथरत होती. त्यांनी मला लेकीच्या तळहातावर ठेवलं. "माझ्यानं व्हनार न्हाई. तूच कर. चाकाला जोर लावू नगं, तुटंल. आदी ऊब दे."

अम्रीनने मला दोन्ही मुठींत घट्ट धरलं. पाच पस्तीस. तिचे हात घामेजले होते आणि त्यांतून तिच्या काळजाचे ठोके मला लागत होते. तिने माझ्यावर तोंडाची वाफ सोडली, अंगठ्याच्या नखाने पट्टा कडेने जरासा उचलला, सोडला, पुन्हा उचलला. "चल रे कव्व्या," ती पुटपुटली. "एकच घर पुढं चल." पाच अडतीस. माझ्या अंगात कुठेतरी जुनं रबर सैल झालं. बारीकशी चीर गेली, ती मला कळली, पण पट्टा तुटला नाही. मी एक घर सरकलो.

तिने मला उलटा करून तारीख वाचली. तिला आरशाची गरज नव्हती. "तीस," ती म्हणाली आणि मला मॅडमच्या हातात दिलं.

पाच एकेचाळीसला मी पहिल्या प्रतीवर उमटलो. मग दुसऱ्या, मग पाचही. चिरेमुळे तिसातल्या शून्याला एक बारीक फट पडली, तेवढाच काय तो दोष. मॅडमनी लगेच चष्मा लावला आणि त्रुटीपत्र लिहून दिलं, की शीर्षक नोंदणीप्रमाणे करून पंधरा दिवसांत प्रती बदलून द्याव्यात. अम्रीनने ते पत्र घडी घालून छातीशी धरलं. चुका दाखवणारं पत्र एवढ्या मायेने धरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दिलावरभाई बाहेर जाऊन बाकावर बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडले.

पंधरा दिवसांच्या आत दुरुस्त प्रती आल्या. गावाला त्याचं नाव परत मिळालं. वरून खुलासा मागणारं पत्रही आलं, आणि नूतन मॅडमनी एका ओळीचं उत्तर दिलं, 'प्रबंध आला होता, म्हणून आवक केला.' आता त्या सकाळी आल्या की आधी माझी तारीख फिरवतात. शनिवारी मला पुसतात. माझी चीर वाढते आहे. फार दिवस मी चालणार नाही, आणि माझ्यानंतर जो येईल तो कदाचित रबराचा नसेलही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या एखाद्या खिडकीमागे बसेल. आपल्या वस्तू पुसत जा, एवढंच सांगून मी थांबलो असतो. पण माझी एवढी एक विनवणी ऐका. कागद चुकला असेल तर चुकला म्हणा, अपुरा असेल तर अपुरा म्हणा. मात्र जो दारात आला आहे, त्याला आधी आला म्हणा.

आमची आवक वही अजून कपाटात आहे. तिच्यात सोनियाचं नाव नाही, आणि माझी चाकं मागे फिरवून आता ते घालताही यायचं नाही. पण मी त्या टेबलावर होतो. ती आली होती. तीनदा आली होती.