ओंदार्रोआची कार्मेले मैदानावर जाते

कार्मेले उर्किसा हिने मुलाचा फुटबॉलचा एकही सामना मैदानात बसून पाहिला नव्हता. इबोनच्या पहिल्याच सामन्यात, तो एकोणीस वर्षांचा असताना, कुणाचं तरी कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि ओंदार्रोआच्या बंदरावरच्या बारमधल्या टीव्हीवर तिने ते रक्त पाहिलं. त्यानंतर सामना सुरू झाला की ती धक्क्यावर जाऊन मासेमारीची जाळी शिवत बसे. निकाल तिला बारमधल्या आरडाओरड्यावरून कळायचा.

अशी तेरा वर्षं गेली. इबोन शहराच्या क्लबकडून तीनशेच्या वर सामने खेळला, सगळे बचावफळीत, आणि गोल केले दोन. त्याचे फोटो पेपरात क्वचितच यायचे. गोल होऊ न देणाऱ्याचा फोटो कोण काढणार? मग गुडघा गेला. वर्षभर तो घरी गप्प बसून होता. नंतर परीक्षा देऊन प्रशिक्षक झाला. आधी शाळकरी पोरं, मग डोंगरापलीकडचा एक छोटा संघ. यंदा मार्चमध्ये त्याच्या जुन्या क्लबने त्याला बोलावलं, तेव्हा संघ ओळीने सहा सामने हरला होता आणि दोन प्रशिक्षकांना नारळ मिळाला होता.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी बरोबरी साधली तर संघ वरच्या गटात टिकणार होता, हरला तर खाली.

"पेपरात काय लिहिलंय वाचलंस का?" शनिवारी एदुर्नेने विचारलं. दोघी तीस वर्षं शेजारी बसून जाळी शिवत होत्या. "म्हणतात, तुझा इबोन भित्रा आहे. खेळताना बचाव करायचा, आता प्रशिक्षक होऊनही बचावच करतो."

कार्मेलेने गाठ मारली, दोरा तोडला. "लिहिणारा कधी समुद्रावर गेलाय का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. उद्या दुपारची बस किती वाजता आहे?"

तिला जागा मिळाली प्रशिक्षकांच्या बाकामागे, सहाव्या रांगेत. तिथून इबोनची पाठ दिसत होती. त्याचा बाप उभा राहायचा तसाच हात मागे बांधून तो उभा होता. तिच्या मागे साबिनो नावाचा जाडजूड गृहस्थ बसला होता. त्याला सगळे ओळखत असावेत, कारण त्याच्या प्रत्येक शेऱ्यावर चार माणसं हसत होती.

सत्तराव्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी होती. पलीकडच्या संघाने पिवळ्या बुटांचा एक ताडमाड पोरगा आत आणला. लगेच इबोनने आपला लाडका आघाडीचा खेळाडू बाहेर बोलावला आणि पस्तीस वर्षांच्या उनायला आत पाठवलं. आणखी एक बचावपटू. सगळं मैदान शिट्ट्यांनी भरून गेलं, आणि त्या शिट्ट्या काही शाबासकीच्या नव्हत्या.

साबिनो उठून उभा राहिला. "अरे उर्किसा, कुठल्या आईने जन्माला घातलं रे तुला?"

कार्मेले सावकाश मागे वळली. "या आईने."

"काय?"

"विचारलंत ना तुम्ही? मी घातला जन्माला. ओंदार्रोआला, घरातच. साडेचार किलोचा होता. आणखी काही विचारायचंय?"

साबिनोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो मटकन खाली बसला. "बाई, ते आपलं... बोलायची पद्धत असते हो."

"असू दे. पण त्याने चूक काय केली ते तरी सांगा."

"आघाडीचा माणूस काढला ना. आता गोल कोण करणार?"

"गोल कशाला हवाय? बरोबरी पुरते असं एदुर्ने म्हणाली. आणि तो पिवळ्या बुटांचा उंच पोरगा आलाय ना, त्याच्याएवढं उंच आपल्यात उनायशिवाय कोण आहे? तुमचं लक्ष कुठे होतं?"

साबिनोने मैदानाकडे पाहिलं. उनाय त्या पोराला सावलीसारखा चिकटला होता. साबिनोने ऑम्लेट घातलेला लांब पाव मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला चेंडू उंच आला. पिवळ्या बुटांचा पोरगा हवेत उडाला, पण त्याच्याही वर उनायचं डोकं होतं. चेंडू बाहेर गेला. कार्मेलेने डोळे मिटले नव्हते. पंचाची शेवटची शिट्टी झाली आणि चाळीस हजार माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

"उर्किसा!" साबिनो घसा फोडून ओरडला. "इकडे बघ, तुझी आई आलीय!"

इबोन वळला. क्षणभर त्याला खरं वाटेना. मग तो पायऱ्या चढून आला. वाटेत लोक त्याच्या खांद्याला, पाठीला हात लावत होते. मघाशी शिट्ट्या मारणारेच होते ते.

"आमा, सांगायचं नाही का येतेय म्हणून?"

"सांगितलं असतं तर खेळ सोडून मला शोधत बसला असतास."

त्याने तिचा हात धरला. दोऱ्याने कापलेली ती बोटं त्याने जरा जास्तच वेळ धरून ठेवली. खालून पत्रकार हाका मारत होते.

"जा," ती म्हणाली. "त्यांना नीट उत्तरं दे. आणि उनायचं नाव घे."

"घेतो. जेवायला थांबतेस?"

"पहाटे होड्या निघतात. जाळी अर्धीच झालीय."

परतीच्या बसमध्ये रेडिओवर त्याचा आवाज लागला. उनायमुळे वाचलो, असं तो सांगत होता. शेजारची बाई खिडकीबाहेर बघत बसली होती. कार्मेलेने तिच्या दंडाला हलकेच हात लावला.

"हा बोलतोय ना, तो माझा मुलगा."

"खेळाडू आहे?"

"खेळायचा. बचावपटू होता," कार्मेले म्हणाली आणि पाठ ताठ करून बसली. "तेरा वर्षं. सांगते, ऐका."