पाड्याचा नंबर

"फ्रिज घेतला, भारीतला मोबाईल घेतला, आणि आता म्हणते क्रेडिट कार्ड बघितलंच नाय," वसुलीवाला मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला. "बाई, दुसऱ्या कुणाला तरी शेंडी लाव."

रायणीच्या रोपाच्या खुंटावर बांधायची चिकूची काडी शुक्रीच्या हातात तशीच राहिली. घोलवडच्या या नर्सरीत कलमं बांधण्यात तिची निम्मी हयात गेली होती.

"माझ्या घरात वीज टिकत नाय. फ्रिज काय सरपण ठेवायला घेऊ?"

सोबत कलमं बांधणाऱ्या बाया हसल्या. नर्सरीचे शेठ हसले नाहीत. "गेटवर हा तमाशा नको. निस्तर, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

वसुलीवाल्याने कार्डाला जोडलेला मोबाईल नंबर वाचून दाखवला. शुक्रीला वाचता येत नव्हतं, पण हा नंबर तिला तोंडपाठ होता. सायवनकडच्या तिच्या पाड्यात रेंज फक्त टेकाडावर, बहिणीच्या मुलाच्या, नविनच्या दुकानापाशी येई. म्हणून नोटबंदीनंतर बँकेने मोबाईल नंबर मागितला तेव्हा सगळ्या पाड्याने नविनचाच दिला होता. आलेला मेसेज तोच वाचून सांगे. आधारच्या आणि पगाराच्या कागदाच्या झेरॉक्सही त्याच्याकडेच निघत.

संध्याकाळी ती टेकाड चढली. दुकानात नवा फ्रिज घरघरत होता.

"कार्ड मिळत होतं तुझ्या नावावर," नविन म्हणाला. "तू काय करणार होतीस त्याचं? हप्ते मी भरणारच होतो."

"माझं नाव तुला कुणी दिलं?"

"नाव काय झिजलं का, मावशी?"

"झिजलं. माझं काम हातचं चाललंय त्यापायी. उद्या माझ्यासंगं पोलिसांत चल. तू केलंस म्हणून सांग."

नविनने बाहेर पेन्शनच्या मेसेजसाठी थांबलेल्या बायांकडे पाहिलं. "मी आत गेलो तर तुमचे मेसेज कोण वाचणार? विचारा हिला."

म्हातारी बायजी पुढे झाली. "शुक्रे, घरातलं घरात ठेव. बहिणीच्या पोराला बेड्या घालतेस?"

"मग त्याचे हप्ते तू भर."

बायजी बाजूला थुंकली.

शुक्रीने दुसऱ्या दिवशी खाडा केला. नर्सरीतल्या कारकून जयश्रीला सोबत घेऊन ती डहाणूला गेली. कार्ड बंद करवलं, तक्रार नोंदवली, बँकेत नंबर बदलला. त्यासाठी स्वतःचा साधा फोन घेतला. चौकशीचा निकाल लागेपर्यंत शेठनी तिला कामावर ठेवलं. पोलिसांनी नविनला बोलावलं, जबाब घेतला, सोडलं. त्यानंतर पाड्यात शुक्रीला कुणी हाक मारीना. बहिणीने तिच्या अंगणातून जाणंही सोडलं.

रेंजसाठी मात्र टेकाडच चढावं लागे. एका संध्याकाळी ती दुकानाकडे पाठ करून उभी असताना फोन थरथरला. मेसेज इंग्रजीत होता. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"आण इकडे," मागून नविन म्हणाला. "वाचून देतो. फुकट."

मेसेजसाठी थांबलेल्या बाया वळून बघू लागल्या.

शुक्रीने फोन कमरेला खोचला आणि ती उतार उतरू लागली. सकाळी जयश्री वाचून सांगेल. तोवर त्यात काय लिहिलंय, हे पाड्यात कुणालाच कळणार नव्हतं.