रंगवलेल्या शेताची राखण

“बाही वर कर.”

“आई, पडले म्हटलं ना. मोरीत पाय सरकला.”

“वर कर म्हणते ना.”

मुलीने बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि तोंड फिरवलं. दंडावर कडेला पिवळट डाग होता, आत हिरवट आणि या सगळ्यावर ताजा, ओला वाटावा असा जांभळा.

“एका पडण्याला एक रंग,” आई म्हणाली. “मग तू किती वेळा पडलीस?”

मुलीने बाही खाली ओढली. तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी होती.

संग्रहालय नुकतंच उघडलं होतं. राखणदाराचा निळा कोट घातलेली आई दालनात तिच्या नेहमीच्या जागी उभी होती. मागच्या भिंतीवर ते प्रसिद्ध चित्र होतं. अर्धी कापणी झालेलं शेत, मधे पेंढ्यांच्या गंज्या, पलीकडे नदी, उतरतं ऊन. जवळ गेलं तर नुसते रंगाचे फटकारे दिसत. चार पावलं मागे सरलं की त्यातूनच ऊन पेटायचं. चित्रकाराने सावलीत काळा रंग कुठेच वापरला नव्हता. गंज्यांच्या सावल्या जांभळ्या होत्या, त्यात हिरवा मुरलेला, कडेला उन्हाचा पिवळा. अर्धं आयुष्य त्या सावल्यांसमोर उभं राहून काढल्यावर तिला दंडावरचे रंग वाचायला डॉक्टर लागत नव्हता.

यापूर्वी मुलगी दोनदा आली होती. दोन्ही वेळा आईनेच तिला समजावून परत पाठवलं होतं. भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणाली होती. आज तिने पिशवी उचलून बाकाखाली सरकवली.

“परत जायचं नाही. माझी सुट्टी होईपर्यंत इथेच बस, माझ्या डोळ्यांसमोर. इथे कोणाची हिंमत नाही व्हायची.”

शेजारच्या दालनाचा राखणदार दारातून डोकावला. उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत. “काय आक्का, यंदा पीक कसंय? लेकीला बोलावलंस कापणीला?”

“तू बुजगावणं हो, म्हणजे झालं,” आक्का म्हणाली. मुलगी किंचित हसली. हसताना तिने ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, तेव्हा तिथलीही चीर दिसली.

जावई दुपारी आला. रीतसर तिकीट काढून, केस विंचरून. दालनात चार-दोन माणसं होती.

“चल,” तो बायकोला म्हणाला. “तमाशा नको.”

“ती येणार नाही, जावईबापू,” आक्का म्हणाली.

“आई, तुम्ही मधे पडू नका. नवरा-बायकोचं आहे.”

“घरी बोलू. इथे आवाज चढवायचा नाही.”

“घरी? कुठल्या घरी? माझ्या घरातून पळून आलीय ही!” त्याने मुलीचा दंड धरला, नेमका तोच. ती किंचाळली आणि दातांनी त्याचा हात धरला. त्याने शिवी हासडून हात सोडवला. चित्रापुढे दोरी बांधलेले पितळी खांब होते, खाली जड बैठक असलेले. त्यातला एक त्याने उपटून घेतला. दोरी सुटून फरशीवर आपटली.

राखणदारांची दर महिन्याला कवायत व्हायची. कोणी काही उगारलं, तर आधी चित्रापुढे. पाठ चित्राला, हात पसरलेले. माणसांचं नंतर. या कवायतीत आक्काला कोणी हरवलं नव्हतं. शिडी म्हणायचा, हिला झोपेतून उठवलं तरी ही भिंतीशीच जाईल.

खांब वर गेला आणि आक्का धावली. चित्रापुढे पोहोचून, हात पसरून ती वळली, तेव्हा तिला कळलं की तो चित्राकडे बघतही नव्हता.

पहिला घाव मुलीच्या गळपट्टीच्या हाडावर बसला. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. ती गुडघ्यांवर आली आणि तिने मान वर केली. नवऱ्याकडे नाही, आईकडे. दोन्ही हात पसरून शेत झाकून उभ्या असलेल्या आईकडे. दुसरा घाव जबड्यावर बसला.

मग आक्का त्याच्यावर पडली. तिने त्याच्या डोळ्यांत नखं घातली, कान दातात धरला, खांब हिसकून त्याच्याच नडगीवर घातला. तो कोसळल्यावरही ती मारत राहिली. शिडीने तिला कमरेला धरून उचललं तेव्हा तिच्या तोंडात रक्त होतं आणि ते तिचं नव्हतं.

पोलीस जावयाला घेऊन गेल्यावर संचालक धावत आले. त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आक्काचे दोन्ही हात धरले.

“ओरखडासुद्धा नाही, आक्का! तुमच्यामुळे.”

आक्काने हात सोडवून घेतले. स्ट्रेचर दारातून बाहेर पडत होतं, तिला त्याच्यामागे जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार बाई वॉर्डात जबानी घ्यायला आल्या. मुलीचा जबडा बांधलेला होता, उजवा हात झोळीत. शब्द दातांमधून, चेपून बाहेर येत होते. आक्का उशाशी पाण्याचा पेला आणि नळी घेऊन उभी होती.

“मारलं तेव्हा जवळ कोण होतं?” हवालदार बाईंनी विचारलं.

“कोणी नाही.”

“कोणी नाही कसं? आई होत्या ना तिथे?”

मुलगी छताकडे बघत होती.

“आई ड्यूटीवर होती.”

त्यात राग नव्हता. असता तर आक्काला काहीतरी बोलता आलं असतं. हवालदार बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या गेल्यावर आक्काने नळी मुलीच्या ओठांपाशी नेली. मुलीने डावा हात पुढे करून पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि ती स्वतःच, अर्धंअधिक गळ्यावर सांडत, पाणी प्यायली.