अवेळी वाजलेला भोंगा

पॉं! दचकलात ना, मित्रांनो? दचकवणं हाच माझा धंदा. मी हातगाडीवरचा एक जुना भोंगा आहे. तोंड पितळेचं आणि मागे काळ्या रबराचा फुगा. तो दाबला की अख्खी गल्ली खडबडून जागी व्हायची. फुशारकी वाटेल, पण आवाजच तसा होता माझा.

१९९२ साली नाशिकच्या भद्रकालीतल्या एका सायकलच्या दुकानातून वाल्मीकने मला विकत घेतलं. मखमलाबादला त्याचा भाजीचा मळा होता. रोज सकाळी हातगाडी भरून तो नाशिकच्या एका कॉलनीत भाजी विकायला जायचा. माणूस कष्टाळू, पण लाजाळू किती! ‘मेथी घ्या’ म्हणून ओरडायचं म्हटलं की त्याचे कान तापायचे. मी आलो आणि त्याची सुटका झाली. दोनदा पॉं पॉं केलं की बायका टोपल्या घेऊन बाहेर यायच्या. तो मला रोज फडक्याने पुसायचा, आठवड्यातून एकदा चिंच लावून चकचकीत करायचा. फार लाडात होतो मी.

पुढे त्याची मुलगी मंजुषा त्याच कॉलनीत सायकलवरून टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. परीक्षा महिन्यावर आली आणि नेमकी तेव्हाच मोटारसायकलवरची दोन पोरं पाण्याच्या टाकीमागे तिला रोज अडवू लागली. तिने फक्त आईला, गोजराबाईला सांगितलं; वडिलांना, म्हणजे नानांना नाही.

“नानांना नको सांगू गं. क्लासच बंद करतील माझा.”

गोजराबाईने आधी कोपऱ्यातल्या विळ्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि गाडीवरून मला सोडवलं.

“इळा नको, तुलाच लागायचा. हा ठेव पिशवीत, सकाळी परत गाडीला लावू. कोणी आडवं आलं का दाबायचा जोरात, अन् थांबायचं नाय. ह्याचा आवाज लय लांब जातो.”

टायपिंगच्या कागदांखाली कोंबल्यावर मला अपमानच वाटला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पोरांनी तिच्या सायकलचं हँडलच धरलं. मंजुषाचा हात पिशवीत आला, कागद बाजूला सारत. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण तिने दाबलं आणि मी जन्मात ओरडलो नव्हतो असा ओरडलो.

कॉलनीला वाटलं, भाजी आली! दारं धडाधड उघडली. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या हातात पीठ लागलेलं लाटणं.

“वाल्मीकभाऊ, आज संध्याकाळी कसे? गवार आणली का?” असं विचारत मोहिनीकाकू सगळ्यांच्या पुढे आल्या आणि थबकल्या. वाल्मीक नव्हताच. त्याची लेक रडवेली होऊन मला दाबत होती आणि तिच्या सायकलचं हँडल धरून उभा होता काकूंचाच मुलगा.

“दिनेश! सोड आधी ते!”

दुसरा पळ काढणार तेवढ्यात शेजारच्या लंकाबाईंनी मोटारसायकलची किल्ली काढून आपल्या टोपलीत टाकली. मग त्या दोघांना जे काही ऐकावं लागलं, त्यापुढे माझा आवाज काहीच नाही.

मोहिनीकाकू लगेच मंजुषाला घेऊन मखमलाबादला आल्या. “चूक माझ्या घरची आहे, भाऊ. शिक्षा पोरीला नका देऊ,” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. वाल्मीकने लेकीकडे पाहिलं. मंजुषा मला पोटाशी धरून बसली होती.

सकाळी त्याने पाना घेतला आणि मला तिच्या सायकलवर घट्ट बसवलं.

“क्लासला जायचं. रोज.”

“अन् गाडीवर काय वाजवणार, नाना?”

“बघू,” तो म्हणाला.

आम्ही गुपचूप त्याच्या मागे गेलो. कॉलनीच्या कोपऱ्यावर तो थांबला. तीनदा खाकरला. कान नक्कीच तापले असणार. आणि मग,

“मेथीऽऽ! गवाऽऽर!”

आवाज पार फाटका. तरी सगळी दारं उघडली. मंजुषा हसता हसता डोळे पुसत होती. मला जरा हेवा वाटला, पण आनंद जास्त झाला.

मंजुषा परीक्षा पास झाली आणि एकलहऱ्याला नोकरीला लागली. आता माझं रबर चिरलंय, पितळ काळवंडलंय आणि मी तिच्या व्हरांड्यात खिळ्यावर असतो. आठवण झाली की ती चिंच लावते. मित्रांनो, तुमच्या घरी असा कुणी म्हातारा असेल तर त्यालाही अधूनमधून पुसा. भीती वाटली तर आवाज आत कोंडू नका. आणि कुणाचा भोंगा अवेळी वाजला, तर भाजी घ्यायची नसली तरी बाहेर या.