बायजाने न गायलेलं दार

सकाळी दहाच्या सुमारास बायजाने लग्नाचा धवळा गाता गाता मध्येच थांबवला.

घोडबंदर रोडलगत गोपीनाथशेठच्या खळ्यावर तेव्हा शंभरावर माणसं होती. नवरा-नवरी पाटावर बसली होती. ढोलवाल्याने आणखी दोन ठोके मारले आणि मग तोही थांबला. ठाण्याहून आणलेल्या फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.

"घसा बसला काय म्हातारीचा?" शेठ खुर्चीतून म्हणाला. "गूळपाणी द्या रे तिला."

घसा बसला नव्हता. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवळेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्यापुढे ती दिवा लावून बसते आणि गाते. गाणं पुरं झालं की लग्न लागलं. येऊरच्या डोंगराखालच्या पाड्यांवर ही धवळेरी म्हणजे बायजा. एरवी ती शेठच्याच कुरणात गवत कापायची. लग्नसराई आली की तिचा विळा कोनाड्यात जाई आणि चार दिवस लोक तिला वाट सोडून चालत.

गोपीनाथशेठ दयाळू माणूस आहे, असं ठाण्यात बोललं जाई. बोलणारे बहुतेक त्याच्याकडे जेवलेले असत.

ही दया वडिलोपार्जित होती. वारली पोराचं लग्न शेठ आपल्या खर्चाने लावून देई आणि त्या दिवसापासून तो पोरगा त्याचा लग्नगडी होई. त्याने गवत कापायचं, बायकोने शेण काढायचं, मुलं झाली की त्यांनी गुरं राखायची. गडी मेला तरी बायको सुटत नसे, कारण लग्न शेठने लावलेलं. एका जेवणावळीत एक घराणं मिळे. इतक्या स्वस्तात ठाण्याच्या बाजारात बैलाची शेपटीही मिळाली नसती.

पुढे कायदा झाला. वेठ गेली, लग्नगडी गेला. शेठने कायद्याचं मनापासून स्वागत केलं. सव्वीस जानेवारीला झेंडा त्यानेच चढवला, गुलामगिरीच्या विरोधात लांबलचक बोलला आणि बोलणं संपेपर्यंत समोरच्या गड्यांना उन्हातून उठू दिलं नाही. मग वैशाखात त्याने जुनाच धंदा नव्या नावाने काढला. आता त्याला आदिवासी विवाह सहाय्य म्हणायचं होतं. त्यासाठी फोटोग्राफर आला होता. चौक खरा तर नवरीच्या घरच्या भिंतीवर लिहायचा. तो शेठने आपल्या गवताच्या वखारीवर लिहून घेतला, कारण तिथे फोटोला उजेड चांगला पडत होता.

नवरा धाकू. त्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. नवरी शकू त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पाहुण्यांपैकी कोणी वय विचारलं तेव्हा शेठचा मुकादम काळुराम "पुरं हाय" एवढंच म्हणाला आणि विचारणाऱ्याचंही समाधान झालं.

धवळ्यात एक जागा येते. धवळेरी गाण्यातून नवरीला नवऱ्याच्या घराशी नेते. त्याचं दार गाते, दाराचे खांब गाते, मग कणगी, मग चूल. ज्याचं दार गायलं त्याच्या घरची ती पोर झाली. नंतर आईबापालाही तिला परत मागता येत नाही. आजवरचे गडी निदान पाड्यावरच्या झोपडीत राहत. दार कुडाचं असलं तरी त्यांचं असे. बायजा ते गाई आणि पुढचं बघायला थांबत नसे.

धाकूला दार नव्हतं. बाप मेल्यापासून तो शेठच्या गोठ्यात निजत होता.

"शेट," बायजा म्हणाली, "याचां दार कोठं हाय?"

"कसलं दार?"

"नवऱ्याचां. मना आता तां गायाचां हाय."

काळुराम पुढे आला. "अगं, गोठ्याला दार हाय ना! चांगलं फळ्यांचं. तेच म्हण नि आटप."

पाहुणे हसले. फोटोग्राफरही हसला.

"गोठ्याचां दार गुरांचां," बायजा म्हणाली. "गुरांना धवळा नाय गात."

"मग माझ्या घराचं गा," शेठ म्हणाला. त्याला स्वतःची कल्पना फार आवडली. "सागवानी आहे. पितळी कड्यांचं. हिच्या सात पिढ्यांनी तसं दार बघितलं नसेल."

बायजाने शकूकडे पाहिलं. शकू कॅमेऱ्याकडे टक लावून बसली होती. त्या पेटीतून काहीतरी बाहेर येणार अशी तिची खात्री होती. हळदीचे हात तिने लुगड्याला लागू नयेत म्हणून गुडघ्यांवर उताणे ठेवले होते.

"तुझां दार गायलां, तं पोर तुझे घरची जाली," बायजा म्हणाली. "मग तूच येऊन बस पाटावर."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडावर हात दाबून गप्प झालं.

"तू कोणाला 'तू' म्हणतेस?" शेठ उठून उभा राहिला. वारल्यांच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात. शेठला हे जन्मापासून ठाऊक होतं. ते खटकलं मात्र आज.

काळुराम तिच्याजवळ उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बायजे, डोकं ठिकाणावर ठेव. तुझी झोपडी कोणाच्या जागेत हाय?"

"शेटचे."

"मंग?"

"मंग पाड. दुसरां काय येतं तुला?"

तिने दिवा उचलला. लग्नातला दिवा विझवत नाहीत. तळहाताचा आडोसा धरून, तेवता दिवा घेऊन ती खळ्यातून चालत गेली. वाऱ्यात ज्योत वाकली की ती थांबे, सरळ झाली की पुढे जाई. तेवढ्या वेळात तिला अडवायचं कोणाला सुचलं नाही.

शकूची आई शेवंती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि तिने पोरीला काखेत हात घालून पाटावरून उठवलं. तिचा नवरा "अगं, अगं" म्हणाला, पण जागचा हलला नाही. पाड्यावरचे बाकीचे पुरुष जेवायला थांबले. भात वाया जायला नको होता.

फोटोग्राफरने आपलं काम केलं. शेठ आणि एकटा नवरा असा फोटो त्याने काढला. ठाण्यातल्या एका साप्ताहिकात तो छापूनही आला. खाली मजकूर होता, 'विवाह थाटात संपन्न.'

झोपडी दुसऱ्या दिवशी सकाळीच पाडली. बायजा विळा, तांदळाचं मडकं आणि दिवा घेऊन येऊरला भावाच्या पडवीत राहायला गेली.

शेठ फौजदाराकडे गेला. फौजदाराने गुन्हा काय ते विचारलं.

"गाणं म्हटलं नाही," शेठ म्हणाला.

फौजदाराने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग शेठने ठाण्याहून विठ्ठलभटजी आणले. काळुरामने दोन्ही पोरांना कामावरून आणून उभं केलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. भटजींनी शास्त्राप्रमाणे सर्व पूर्ण झाल्याचा निर्वाळा दिला, दक्षिणा कनवटीला लावली आणि दुपारच्या आत घरी पोचले. संध्याकाळी शकू नेहमीसारखी आईकडे परतली. काळुराम न्यायला गेला तर शेवंतीने दारातूनच विचारलं, "धवळा कोठं जाला?" पाड्यावर कोणीही हे लग्न मानायला तयार नव्हतं. परवा भात ओरपून गेलेले पुरुषसुद्धा आता यावर ठाम होते. ठाम राहायला पैसा पडत नव्हता.

पावसाच्या तोंडावर काळुराम येऊर चढून गेला.

"शेठ तुझी झोपडी परत बांधून देतो म्हणतात," तो म्हणाला. "येऊन तेवढं गा नि मोकळी हो. कशाला उगाच ताणतेस?"

"मना कशाला? धाकूला बांध," बायजा म्हणाली. "त्याचे नावाची. कुडाची बांध. दार लागलां तं मी उद्या येते."

काळुरामने हा निरोप पोचवला. चार बांबू आणि दोन पाट्या चिखल एवढाच तो खर्च होता. पण शेठ कायदा वाचणारा माणूस होता. गड्याला जागेवर घर दिलं की उद्या तो जागेवर हक्क सांगतो, हे त्याला नेमकं कळत होतं. दया करायची, पण जागा द्यायची नाही, हा त्याचा बाणा होता.

तेव्हा त्याने दुसरी धवळेरी शोधायला माणसं पाठवली. बाळकुमच्या बाजूच्या पाड्यावरची एक नाही म्हणाली. भिवंडीकडची दुसरी आजाराचं निमित्त करून झोपून राहिली. तिसरी आंबिवलीची. तिचा मुलगा काळुरामच्या ओळखीने कामाला लागलेला. "भाताची आवणी उरकू दे, मंग बघू," ती म्हणाली. आवणी आता संपत आली आहे.

धाकू गोठ्यात आहे. शकू आईबरोबर चिखलात भात लावते.

काल सकाळी बायजा आंबिवलीच्या त्या धवळेरीला दाराचं सांगायला येऊरहून पायी निघाली. त्या बाईला ती ओळखत नाही. पोचली की नाही, अजून कळलेलं नाही.