कडेचं दिसणं

पाकीट उघडं धरूनच बसचालकाने काउंटरवरच्या बाईंना पुन्हा विचारलं, की एकाच तपासणीचे इतके वेगवेगळे दर कसे. बाईंनी भिंतीवरच्या दरपत्रकावर पेन टेकवून शांतपणे समजावलं. चष्म्याचा नंबर काढायचे पैसे सगळ्यात कमी. डोळ्यातला दाब बघणं त्यातच आलं. थेंब घालून आतला पडदा बघायचा तर त्याचे वेगळे, आणि नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते यंत्रावर तपासायचं तर त्याचे आणखी वेगळे. सगळं धरून त्याचा दोन दिवसांचा पगार होत होता.

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," तो म्हणाला आणि फक्त नंबराचे पैसे भरून बाकावर जाऊन बसला.

त्याला आगारातून पाठवलं होतं. महिन्याभरात दोनदा त्याने गाडीची डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासली होती. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा न येऊ दिलेला माणूस, म्हणून आगारप्रमुख रागावले नाहीत. डोळ्यांचा दाखला आणा आणि मग गाडीवर बसा, एवढंच म्हणाले. पन्नाशीत चाळिशी लागली बघ, असं त्याने बायकोला हसत सांगितलं होतं.

तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्याने न अडखळता वाचली. डॉक्टरबाईंनी तरी दाब मोजला. मग जरा थांबून पुन्हा मोजला, आणि बाकीच्या दोन्ही तपासण्या करूनच जा म्हणाल्या. त्याने बाहेर जाऊन उरलेले पैसे भरले. या वेळी काही विचारलं नाही.

यंत्राला मोठ्या वाटीसारखं तोंड होतं. त्यात बघत हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुठेही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्यांदा त्याने भराभर दाबलं. मग बराच वेळ काही लुकलुकलंच नाही.

"यंत्र बंद पडलं का?" त्याने विचारलं.

"चालू आहे," यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्याने बटण नुसतंच धरून ठेवलं.

डॉक्टरबाईंनी कागद त्याच्यापुढे ठेवला. दोन गोल होते आणि दोन्हींच्या कडा काळ्या झाल्या होत्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. मधलं शाबूत आहे म्हणून तुम्हाला कळलं नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं. गाडीच्या दाखल्यावर मात्र मला सही करता येणार नाही. तो मान हलवत राहिला. कुणा दुसऱ्याची हकिकत ऐकावी तसं ते सगळं त्याच्या कानावरून जात होतं.

"घरात कुणाला होतं?"

"आई शेवटी भिंती चाचपडत चालायची. आम्ही मोतीबिंदू समजलो."

"भावंडं?"

"एक भाऊ. मोठा."

"त्यांना आजच सांगा. रक्ताच्या नात्यात तपासून घ्यावंच लागतं."

आईचं शेवटचं दुखणं कुणाच्या घरी काढायचं यावरून दोघा भावांचं फाटलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. तिच्या दहाव्यालाही ते एकमेकांशी बोलले नव्हते. भावाचा नंबर त्याने पुसला नव्हता आणि लावलाही नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्याने तो लावला.

"दादा, मी बोलतोय."

"हं. घरी सगळे बरे ना?"

त्याने आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं. आजाराचं नाव सांगितलं, गाडी चालवणं सुटल्याचं सांगितलं. भाऊ खर्चाला बिचकेल म्हणून कुठल्या तपासणीला किती पडतात तेही नीट फोड करून सांगितलं, आणि या आठवड्यातच जाऊन ये म्हणाला.

"मला आहे," भाऊ म्हणाला. "सहा वर्षं झाली. वेळेत सापडलं, म्हणून फारसं गेलं नाही."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझे डॉक्टरही म्हणाले होते, धाकट्या भावाला सांगा. दोनदा तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो."

आता राग येईल म्हणून तो थांबला. आला नाही. समोर रस्त्यावर डावीकडून एक मोटार एकदम उगवल्यासारखी झाली आणि निघून गेली.

"ते थेंब झोंबतात का?" त्याने विचारलं.

"पहिले काही दिवस. संध्याकाळी ये घरी, कसे घालायचे ते दाखवतो. एकट्याला धड जमत नाहीत, गालावरच पडतात."

"सहा दहाची गाडी धरतो," तो म्हणाला.

ती भावाच्या दाराजवळच थांबायची. गेली चार वर्षं ती गाडी तो स्वतःच चालवत होता.